होडी लाटेवर दोनदा आपटते? आधी आतलं पाणी शोधा

२० ते ३० फुटी फायबर होडीबद्दल एक तक्रार पुन्हा पुन्हा येते: "आपटते फार." इंजिन बदललं, पंखा बदलला, तांडेलाचा (होडी हाकणाऱ्याचा) हात जड आहे असंही ठरवून झालं, तरी आपटणं तसंच. अशा होडीच्या फळ्या उचलल्या की बहुतेक वेळा तळात घोटाभर पाणी निघतं. हे पाणी नुसतं वजन म्हणून बसून राहत नाही. ते धावतं, आणि होडी समुद्रावर कशी आदळणार हे तेच ठरवायला लागतं.

खालचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे आणि फुकटाकडून खर्चाकडे आहे. तो मोडू नका. टाकी उघडण्याआधी बूच पाहायचं.

लक्षणं

सगळ्यात पक्की खूण कानाला कळते. लाटेवरून उतरताना नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, पाण्यावर पडते तेव्हा एकच "धप्प" व्हायला हवं. आत मोकळं पाणी असेल तर पाव-अर्ध्या सेकंदाने दुसरा, दबका "ठप्प" येतो आणि तो पायाखालून जाणवतो. पहिला धक्का लाटेचा, दुसरा घरचा.

दुसरी खूण नाळेची. एका लाटेवर पडल्यावर ती लगेच वर येत नाही, पुढची लाट अंगावर घेते. वेग वाढवताना उलट होतं: मागची बाजू बसते, नाळ आभाळाकडे जाते आणि होडी सपाट व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेते.

तिसरी खूण डोलण्याची. होडी एका बाजूला कलते, तिथे क्षणभर थांबते, मग आळसावल्यासारखी परत येते. नवख्या खलाशाला ही हळू डोलणारी होडी आरामशीर वाटते. खरं तर झटक्यात सरळ होणारी होडी सुरक्षित असते. कलून विचार करत बसणारीची काळजी करायची.

याशिवाय वळण घेताना तोल बाहेरच्या बाजूला उशिरा जाणं, टाकी अर्धी असूनही लाटांत इंजिनने आचके देणं, आणि मासळी तेवढीच असताना होडी बोटभर जास्त बुडालेली दिसणं, हीही लक्षणं आहेत. यातली दोन एकत्र दिसली तर खालच्या तपासण्या सुरू करा.

असं का होतं

होडी लाटेच्या माथ्यावरून खाली येते तेव्हा आतलं पाणीही तिच्याबरोबर पडत असतं. पाण्यावर आदळताच होडीचा तळ थांबतो. आतलं पाणी मात्र थांबत नाही. ते तळावर, मग पुढच्या आडव्या भिंतीवर जाऊन बसतं. म्हणून धक्क्याचे दोन भाग पडतात. गंमत अशी की तेवढंच वजन घट्ट बांधलेलं असतं तर पहिला धक्का उलट थोडा मोठा लागला असता. पाण्याचा वाटा उशिरा येत असल्याने पहिला दणका सौम्य वाटतो आणि माणूस फसतो. दुसरा दणका आतल्या पातळ फळ्यांवर, खणाच्या भिंतींवर आणि त्यांच्या सांध्यांवर पडतो. हे भाग असा मार खाण्यासाठी बांधलेले नसतात.

पटत नसेल तर एक लिटरच्या दोन प्लास्टिक बाटल्या घ्या. एक गच्च भरा, दुसरी एक तृतीयांश भरा, आणि दोन्ही हातभर उंचीवरून पाण्याच्या पिंपात आडव्या सोडा. भरलेली बाटली एका आवाजात जाते. अर्धवट भरलेली आदळते, आतलं पाणी उसळतं आणि ती वाकडीतिकडी हलत राहते.

दुसरी गोष्ट तोलाची. होडी कलली की आतलं पाणी खालच्या बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं. यात पाण्याच्या खोलीपेक्षा त्याच्या रुंदीला महत्त्व जास्त, कारण हा परिणाम रुंदीच्या घनाने वाढतो. मोकळा पृष्ठभाग दुप्पट रुंद झाला तर परिणाम आठपट. दोन टन वजनाच्या होडीत दीड मीटर लांब आणि १.६ मीटर रुंद खणात आडवं पसरलेलं पाणी होडीची सरळ होण्याची ताकद जणू तिचं सगळं वजन २५ सेंटिमीटर वर उचलून ठेवल्याइतकी कमी करतं. त्याच खणात मधोमध लांबीच्या दिशेने एक पाणबंद फळी घातली की हा आकडा ६ सेंटिमीटरवर येतो. पाणी तेवढंच राहतं, फरक फक्त एका फळीचा.

मोठ्या जहाजांनीही याची किंमत मोजली आहे. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियममधल्या झीब्रुग बंदराबाहेर 'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' ही फेरी पुढचं दार उघडं राहिल्याने गाड्यांच्या डेकवर पाणी शिरून काही मिनिटांत आडवी झाली. १९३ माणसं गेली. तो डेक एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत मोकळा होता, मध्ये एकही भिंत नव्हती.

१. फळ्या उचला, पट्टी बुडवा

खर्च शून्य, वेळ १० मिनिटं. होडी धक्क्याला शांत पाण्यात असताना स्टीलची पट्टी घ्या आणि तीन ठिकाणी मोजा: नाळेजवळ, मधे आणि इंजिनापुढे. एकाच ठिकाणी मोजून निघून जाऊ नका. रिकामी होडी सहसा मागे झुकलेली असते, त्यामुळे सगळं पाणी मागच्या कप्प्यात दडतं आणि पुढून तळ कोरडा दिसतो. मासळीच्या खणाखाली बॅटरी मारून पाहा. तिथला अंधार बऱ्याच होड्यांमध्ये वर्षभर कुणी पाहिलेला नसतो.

"पाच सेंटिमीटर तर आहे" असं म्हणून सोडू नका. पाच चौरस मीटर तळावर पाच सेंटिमीटर म्हणजे २५० लिटर, म्हणजे चार माणसं. ही चार माणसं प्रत्येक लाटेला एका कडेवरून दुसऱ्या कडेला पळत असतात.

पाणी उपसा, तळ स्पंजने पुसून कोरडा करा आणि त्याच समुद्रात एक फेरी मारा. दुसरा "ठप्प" गेला तर कारण सापडलं. आता एकच प्रश्न उरतो, पाणी येतं कुठून.

२. डोलण्याची घड्याळी मोजणी

होडी डोलायला किती वेळ घेते, हा आकडा प्रत्येक नाखव्याकडे (होडीमालकाकडे) वहीत लिहिलेला हवा. होडी कोरडी, सामान नेहमीचं, समुद्र शांत. दोर सैल सोडा. एका कडेवर पाय देऊन होडी हलवा, पाय काढा, आणि एका बाजूकडून निघून परत त्याच बाजूला येईपर्यंत एक झोका असं धरून १० झोक्यांचा वेळ घ्या. झोके लवकर विरले तर पाच मोजा आणि दुप्पट करा.

दोन मीटर रुंद होडीला १० झोक्यांना साधारण २० ते २५ सेकंद लागतात. नेमका आकडा होडीगणिक वेगळा असतो, म्हणून तुमच्या कोरड्या होडीचा आकडा हाच तुमचा मापदंड. नंतर कधी शंका आली की पुन्हा मोजा. वेळ पावपट वाढला, म्हणजे २० चे २५ सेकंद झाले, तर सरळ होण्याची ताकद ढोबळमानाने दोन तृतीयांशावर आली. दीडपट झाला तर निम्म्याहून कमी उरली. तेव्हा समुद्रात जायचं नाही, कारण सापडेपर्यंत होडी धक्क्यालाच.

पाण्याचाही स्वतःचा झोका असतो. दोन मीटर रुंद तळात पाच सेंटिमीटर पाणी या कडेवरून त्या कडेला जाऊन परत यायला पावणेसहा सेकंद घेतं, १० सेंटिमीटर असेल तर चार सेकंद, २० सेंटिमीटर असेल तर तीनपेक्षाही थोडं कमी. म्हणजे पाणी वाढत जातं तसा त्याचा ताल होडीच्या तालाजवळ सरकतो. ताल जुळला की साध्या लाटेतही होडी अंगात आल्यासारखी झुलते. अरुंद खणात हे आणखी लवकर घडतं: १.६ मीटर रुंदीत २० सेंटिमीटरला सव्वादोन सेकंद. "काल असंच होतं, आज अचानक बिघडली" या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. पाणी काल थोडं कमी होतं, इतकंच.

३. गोडं की खारं?

तळातलं पाणी भांड्यात घ्या आणि कपडे धुण्याच्या साध्या वडीने हात धुऊन पाहा. फेस सहज आला तर पाणी पावसाचं किंवा बर्फाचं. वडी चिकट होऊन फेसच येत नसेल तर समुद्राचं. मासळीचं रक्त-तेल मिसळलेल्या पाण्यावर ही कसोटी फसते, म्हणून खणाबाहेरचं पाणी घ्या. वर रंगीत तवंग दिसला तर इंधनही गळतंय. मग विडी-काडी बंद, बॅटरीचे स्विच नकोत, आधी हवा खेळू द्या.

गोडं पाणी आलं तर सातवी तपासणी आधी करा. खारं आलं तर क्रमाने पुढे जा.

४. बूच आणि त्याचा वॉशर

तळाचं बूच काढून वॉशर बोटाने दाबा. कडक झालेला, चीर गेलेला वॉशर बदला. आटे खाल्लेलं पितळी बूच टेफ्लॉन टेप गुंडाळून दामटू नका, पूर्ण फिटिंग बदला. ते ज्या स्क्रूंनी ट्रान्समवर, म्हणजे इंजिन टांगतात त्या मागच्या फळीवर, बसवलेलं असतं ते स्क्रूही पाहा. बूच ठीक आणि पाणी स्क्रूच्या भोकातून, हे वरचेवर दिसतं.

बूच निसटलं तर काय होतं याचा हिशेब डोक्यात ठेवा. पाण्याखाली ३० सेंटिमीटरवर अडीच सेंटिमीटर व्यासाचं भोक मिनिटाला ४० लिटरच्या वर पाणी आत घेतं, तासाला अडीच हजार लिटर. लहान होडीवरचा एक पंप त्याला पुरा पडत नाही. म्हणून लाकडी मेखा होडीत दोरीला बांधलेल्या असाव्यात.

५. पंप: छापलेल्या आकड्यावर जाऊ नका

पंपावर लिहिलेली क्षमता पाणी अजिबात वर न चढवता मोजलेली असते. तुमच्या होडीत ते मीटरभर वर चढतं, वाकलेल्या नळीतून जातं आणि बॅटरीही थोडी उतरलेली असते. म्हणून स्वतः मोजा. तळात पाणी ओता, नळीचं तोंड २० लिटरच्या बादलीत धरा आणि घड्याळ लावा. एका मिनिटात बादली भरली तर खरी क्षमता तासाला १,२०० लिटर. छापलेल्या आकड्याच्या निम्म्याहून कमी भरली तर जाळी साफ करा. खवले आणि जाळ्याचे तुटके धागे पंख्याला गुंडाळलेले सापडतील.

फ्लोट, म्हणजे पाणी वाढलं की पंप सुरू करणारा तरंगता स्विच, हाताने वर उचला. पंप लगेच सुरू व्हायला हवा आणि सोडताच बंद. ग्रीस व कचऱ्याने अडकलेला फ्लोट हे "पंप आहे तरी पाणी आहे" याचं सर्वांत सामान्य कारण.

एक चकवा असा की बाहेर सोडणाऱ्या नळीचं तोंड होडी भरल्यावर किंवा कलल्यावर पाण्याखाली जातं. मग पंप थांबला की समुद्रच त्या नळीने आत येतो. नळी आतून शक्य तितकी उंच नेऊन मग खाली वळवा आणि तोंड भरलेल्या होडीच्या पाणरेषेच्या वर ठेवा. नुसत्या एकतर्फी व्हॉल्व्हवर विसंबू नका. एक खवला अडकला की तो उघडाच राहतो.

६. शाफ्टचं ग्लॅंड

आत डिझेल इंजिन असलेल्या होड्यांसाठी. पंखा फिरवणारा दांडा (शाफ्ट) होडीबाहेर जातो तिथे पाणी अडवणारा भाग म्हणजे ग्लॅंड. दोरीच्या पॅकिंगचं ग्लॅंड शाफ्ट फिरताना थेंब थेंब गळणं योग्य आहे, त्याच थेंबांनी ते थंड राहतं. होडी उभी असताना धार लागत असेल तर नट दोन्हीकडे सारखे, पाव-पाव फेरा आवळा आणि इंजिन चालवून हात लावून पाहा. हात ठेववत नाही इतकं ग्लॅंड तापलं तर जास्त आवळलंय. गळती पूर्ण बंद करायच्या हट्टाने शाफ्टला खाच पडते आणि मग कितीही पॅकिंग भरा, गळतच राहतं.

आवळायला जागाच उरली नसेल तर पॅकिंग बदलायचं, तेही होडी वर ओढल्यावर. जुनी सगळी कडी काढा. नवी तिरकी कापा आणि प्रत्येक कडीचा सांधा आधीच्यापासून एक तृतीयांश फेरा सरकवून बसवा. सांधे एका रेषेत आले तर पाण्याला सरळ वाट मिळते.

७. मासळीचा खण

१०० किलो बर्फ वितळला की १०० लिटर पाणी होणार, यातून सुटका नाही. ते खणातून तळात आणि तळातून बाहेर जायलाच हवं. खणाच्या तळाची भोकं तारेने मोकळी करा, मग वरून बादलीभर पाणी ओता आणि ते पंपापर्यंत पोचायला किती वेळ लागतो ते पाहा. पुढच्या कप्प्यातून मागे न पोचणारं पाणी म्हणजे मधल्या वाकांखालची (आडव्या फासळ्यांखालची) भोकं बुजली आहेत. रंगकामाच्या वेळी जेलकोटने (फायबरवरच्या लेपाने) भरून टाकलेली भोकंही पुष्कळ सापडतात.

लहान मासळीचं वेगळंच असतं. तारली, मांदेली, बांगडा बर्फाच्या पाण्यात सुटे टाकले की तो ढीग पातळ पिठल्यासारखा वाहतो. कललेल्या बाजूला सरकतो आणि पाण्यापेक्षा सावकाश परत येतो, किंवा येतच नाही. म्हणून खणात लांबीच्या दिशेने फळ्या घाला. खाचेत बसणाऱ्या, काढता येणाऱ्या चालतील, पण खाली-वर घट्ट हव्यात. पाणबंद नसलेली फळी मासळी अडवते, पाणी फक्त सावकाश करते. तेवढ्यानेही आपटण्याचा दुसरा दणका मरतो, पण होडी एका बाजूला बराच वेळ कललेली राहिली तर पाणी फटींतून त्या बाजूला जमतंच. तोलासाठी पाणबंद विभागणी किंवा झाकणाच्या पेट्या लागतात. दोन फळ्या घालून तीन भाग केले तर आणखी उत्तम.

गोड्या पाण्याच्या कॅनचंही तसंच. एक गच्च भरलेला आणि एक पूर्ण रिकामा हे दोन अर्ध्या कॅनपेक्षा चांगलं. एक संपल्याशिवाय दुसरा फोडायचा नाही, एवढा नियम पुरतो.

८. होडी वर असताना गळती शोधणं

होडी वाळूवर सगळीकडून सारखी टेकलेली असेल तेव्हाच. तळ पूर्ण सुकवा आणि संशयाच्या जागी खडूची पूड भुरभुरा. पाण्यात सोडल्यावर पहिला ओघळ पुडीत रेघ ओढतो. उलट पद्धतही चालते: वर ओढलेल्या होडीत पाच ते आठ सेंटिमीटर पाणी भरून बाहेरून ओल शोधायची. याहून जास्त भरू नका. बाहेरून पाण्याचा आधार नसताना तळ त्या वजनाने वाकतो आणि एका गळतीच्या दोन होतात.

९. दुहेरी तळ आणि हवेचे कप्पे

ही जागा सगळ्यात शेवटी सुचते आणि सगळ्यात धोकादायक ठरते. दुहेरी तळाच्या होडीत वरच्या फळीत मारलेल्या प्रत्येक स्क्रूतून पाणी खाली झिरपू शकतं. वरून सगळं कोरडं, पंप रिकामा चालतो, आणि खाली दोन-तीनशे लिटर पाणी धावतंय. आत फोम असेल तर तो भिजून जड होतो; धावत नाही, पण उतरतही नाही. होडी किनाऱ्यावर असताना दोन माणसांनी कडेला धरून हलवा आणि तळाला कान लावा. खळखळ ऐकू आली तर तपासणीचं झाकण उघडा. झाकण नसेल तर सर्वांत खालच्या जागी आतल्या फळीला, बाहेरच्या तळाला नव्हे, सहा मिलिमीटरचं भोक पाडा आणि नळीने ओढून काढा. नंतर तिथे कायमचं झाकण बसवून घ्या.

१०. इंधनाची टाकी

अर्धी टाकी हेलकावते आणि ओढनळीचं तोंड उघडं पडून हवा जाते. इंजिन लाटांतच आचके देतं आणि सपाट पाण्यात नीट चालतं, ही त्याची खूण. निघताना टाकी भरून निघणं हा पहिला आणि स्वस्त उपाय. अडीच-तीन फुटांहून लांब टाकीत आत भोकं असलेले आडपडदे हवेतच. ते नसतील तर काम तुमचं नाही, खाली वाचा.

कुठे थांबायचं

इंधनाची टाकी कापणं किंवा वेल्ड करणं स्वतः करू नका. "रिकामी आहे" असा दाखला वाफ मानत नाही. टाकी बनवणाऱ्याकडेच द्या, किंवा आडपडदे असलेली नवीन घ्या.

तळावर नाण्याने टकटक करत जा. खणखणीत आवाजात मधेच कुठे भदभद आवाज आला तर तिथे फायबरचे थर सुटले आहेत. नाळेपासून तिसऱ्या हिश्श्यात, म्हणजे आपटण्याच्या जागी, कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा, आतल्या वाकाचा सुटलेला सांधा, इंजिनच्या वजनाने दबणारा ट्रान्सम, यांपैकी काहीही दिसलं की होडी बांधणाऱ्या कारागिरालाच बोलवा. वरून पुट्टी मारली तर चीर झाकते आणि पुढच्या वेळी समुद्रात उघडते.

होडीत नवा खण, केबिन किंवा टाकी बसवल्यानंतर डोलण्याचा वेळ वाढला आणि तळ कोरडा असूनही तो कमी होत नसेल, तर दोष पाण्याचा नाही, वजन वर गेल्याचा आहे. तिथे नौकास्थापत्याच्या जाणकाराकडून कलतेची चाचणी करून घ्यावी लागते. अंदाजाने खाली दगड भरणं हा उपाय नव्हे. दगडही सरकतात.

आणि हे सगळं समुद्रात लक्षात आलं तर: होडी एका बाजूला कलून राहिली आणि मग अचानक दुसऱ्या बाजूला कलली, की तपासणीची वेळ संपली. लाइफ जॅकेट घाला. वेग कमी करा, नाळ लाटेकडे ठेवा. सगळ्यांनी मधे, खाली बसायचं. उचललेल्या कडेकडे धावत जायचं नाही, त्यानेच होडी दुसरीकडे उलटते. डेकवरचं ओलं जाळं आणि सुटी मासळी टाकून द्या, पंप आणि डबे दोन्ही चालवा. व्हीएचएफ (बिनतारी संच) असेल तर चॅनल १६, फोनला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४. खाडीच्या मुखावरची वाळूची पट्टी अशा होडीने ओलांडायची नाही. बाहेरच थांबून आधी पाणी काढायचं.